बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स : स्पर्धेच्या इतिहासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की जपानमधील व्यावसायिक कुस्तीच्या चाहत्यांचे लक्ष शंभर किलोंच्या आतील मल्लांकडे वळते. त्यांच्या साखळी स्पर्धेला चार दशके होत आली आहेत. मराठीत तिच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, आणि जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे बहुधा तुटक मिळतात. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

ही स्पर्धा कोणती आणि ती कोण भरवते?

न्यू जपान प्रो-रेसलिंग ही संस्था आंतोनियो इनोकी यांनी १९७२ साली स्थापन केली. तिच्या ज्युनियर हेवीवेट विभागाची वार्षिक साखळी स्पर्धा म्हणजे ‘बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स’. जपानसह मेक्सिको, कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, इटली अशा अनेक देशांतील मल्ल तिच्यात उतरलेले आहेत. विजेत्याला चषक मिळतो आणि त्याच्याकडे आधीच विजेतेपदाचा पट्टा नसेल, तर आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट, म्हणजे या गटातील संस्थेच्या सर्वोच्च, विजेत्याला आव्हान देण्याचा मान त्याच्याकडे जातो.

ज्युनियर हेवीवेट म्हणजे नेमके किती वजन?

या संस्थेत ही मर्यादा १०० किलोंची आहे. तिच्यावर गेलेला मल्ल हेवीवेट गटात मोडतो. महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनाला शंभर किलोंचा मल्ल ‘कनिष्ठ’ कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या गटातील बहुतेक मल्ल ८० ते ९५ किलोंच्या दरम्यान असतात, आणि जपानच्या रिंगमधील हेवीवेट मल्ल सव्वाशे किलोंपर्यंत सहज जात असल्याने त्यांच्या शेजारी उभे राहिले की हे लोक खरोखरच लहान दिसतात. ‘ज्युनियर’ या शब्दाचा वयाशी काहीही संबंध नाही. पन्नाशी ओलांडलेले मल्लही या स्पर्धेत खेळलेले आहेत.

स्पर्धेची सुरुवात कशी झाली?

पहिली स्पर्धा १९८८ साली ‘टॉप ऑफ द सुपर ज्युनियर’ या नावाने झाली, पण तिची मुळे दहा वर्षे मागे जातात. जानेवारी १९७८ मध्ये तात्सुमी फुजिनामी या तरुण मल्लाने न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होसे एस्त्रादा याला हरवून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी संस्थेचे ज्युनियर हेवीवेट विजेतेपद मिळवले आणि ते जपानला आणले. तोवर जपानी प्रेक्षकांसाठी व्यावसायिक कुस्ती म्हणजे धिप्पाड माणसांची टक्कर होती. देखण्या बांध्याच्या आणि चपळ फुजिनामीमुळे लहान चणीच्या मल्लांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

पुढचा टप्पा २३ एप्रिल १९८१ चा. टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये वाघाचा मुखवटा घातलेला एक मल्ल रिंगमध्ये आला. लोकप्रिय कार्टून मालिकेतील ‘टायगर मास्क’ हे पात्र साकारणाऱ्या त्या मल्लाचे नाव सातोरू सायामा, आणि त्याच्यासमोर ब्रिटनचा डायनामाइट किड होता. लहान मुलांसाठी केलेला तमाशा म्हणून प्रेक्षक त्याच्याकडे पाहत होते, पण सायामाच्या लाथा, दोरांवरून घेतलेल्या झेपा आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेगाशी जुळलेली त्याची लय पाहून त्यांचा सूर काही मिनिटांत पालटला. पुढची दोन वर्षे टायगर मास्कने संस्थेचे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम गाजवले. त्याने १९८३ मध्ये संस्था सोडली, पण तोवर या गटाला हक्काचा प्रेक्षक मिळाला होता.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट विजेतेपद सुरू झाले. द कोब्राला हरवून शिरो कोशिनाका त्याचा पहिला मानकरी ठरला. दोनच वर्षांनी पहिली साखळी स्पर्धा भरली, तेव्हा ७ फेब्रुवारी १९८८ च्या अंतिम लढतीत हिरोशी हासे याला नमवून तीही कोशिनाकानेच जिंकली. हासे याच्याविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. त्याने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीत जपानचे प्रतिनिधित्व केले होते. पुढे तो राजकारणात गेला, देशाचा शिक्षणमंत्री झाला आणि २०२२ मध्ये इशिकावा प्रांताचा राज्यपाल म्हणून निवडून आला.

स्पर्धेच्या आवृत्त्या मोजताना आकडे जुळत का नाहीत?

याचे कारण नावबदलात आहे. १९८८ नंतर दोन वर्षे स्पर्धा झाली नाही. ती १९९१ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून दरवर्षी होत आली आहे. १९८८, १९९१, १९९२ आणि १९९३ या चार स्पर्धा जुन्या नावाने झाल्या. १९९४ पासून ‘बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स’ हे नाव आले आणि संस्थेने क्रमांक त्या वर्षापासून धरला. त्यामुळे २०२५ ची स्पर्धा अधिकृतरीत्या बत्तिसावी आहे, आणि जुन्या चार धरल्या तर ती छत्तिसावी ठरते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

जुशिन थंडर लायगरचे नाव या स्पर्धेशी इतके का जोडले जाते?

त्याच्याशिवाय या विभागाची कथाच सांगता येत नाही, म्हणून. केइची यामादा या तरुणाला न्यू जपानमध्ये शिकायचे होते, पण प्रवेशासाठी तेव्हा सुमारे १८० सेंटिमीटर उंची लागत असे आणि यामादा १७० च्या आसपास थांबला होता. दार बंद पाहून तो स्वतःच्या हिमतीवर मेक्सिकोला गेला. तेथे न्यू जपानच्या मंडळींची त्याच्याशी गाठ पडली आणि शेवटी त्याला संस्थेत घेतले गेले. १९८४ मध्ये त्याने पदार्पण केले. २४ एप्रिल १९८९ रोजी टोकियो डोममध्ये लाल-पांढऱ्या पोशाखात, शिंगांच्या मुखवट्याआड, एका कार्टून नायकाचे नाव घेऊन तो उतरला, आणि त्यानंतरची तीस वर्षे जग त्याला लायगर म्हणूनच ओळखत राहिले. उंची कमी म्हणून ज्याला परत पाठवले, त्याच्याच खांद्यावर संस्थेचा एक संपूर्ण विभाग उभा राहिला. माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासाचे मर्म याच एका आयुष्यात सापडते.

स्पर्धा त्याने १९९२, १९९४ आणि २००१ अशी तीन वेळा जिंकली. १९९१ च्या अंतिम लढतीसाठी त्याने आपले विजेतेपद रिकामे करून पणाला लावले होते आणि नोरिओ होनागाने ती लढत जिंकून धक्का दिला. १९९६ मध्ये तो पुन्हा अंतिम लढतीत हरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या मेंदूत गाठ आढळली. ती कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच तो परतला आणि पाच वर्षांनी, २००१ मध्ये, एकही लढत न हरता स्पर्धा जिंकणारा पहिला मल्ल ठरला.

२०१७ ही आपली शेवटची साखळी असेल, असे त्याने स्पर्धेपूर्वीच जाहीर केले. वय बावन्न होते. त्या वर्षी तो एकामागून एक लढती हरत गेला आणि अखेरच्या साखळी लढतीत ताइचीला हरवून त्याने आपले दोन गुण मिळवले. गुणतक्त्यात तो तळाशी होता, तरी ते दोन गुण पाहताना अनेकांचे डोळे भरून आले.

१९९२ ची अंतिम लढत इतकी का वाखाणली जाते?

३० एप्रिल १९९२ रोजी र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये लायगर आणि एल सामुराई समोरासमोर आले. दोघेही मुखवटाधारी. सामुराई हा तोवर शांत, कामसू आणि दुसऱ्या फळीतील मल्ल समजला जात असे. त्या दिवशी तो वेगळ्याच आवेशात उतरला आणि लायगरच्या अंगावर धावून गेला. मुखवटाधारी मल्लाच्या मुखवट्याला हात घालणे हा त्या जगातील मोठा अपमान असतो, आणि या लढतीत तोही झाला. पहिल्या भागात जमिनीवरची संथ, कसून धरलेली कुस्ती आणि शेवटच्या भागात दोरांवरून घेतलेल्या जीवघेण्या झेपा, असा चढत जाणारा आलेख या लढतीला होता.

लायगर जिंकला, पण त्या लढतीने सामुराईही मोठा झाला. दोनच महिन्यांत, २६ जून रोजी, त्याने लायगरकडूनच आयडब्ल्यूजीपी विजेतेपद घेतले. स्पर्धा जिंकण्यासाठी त्याला मात्र १९९७ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा टोकियोच्या बुदोकान सभागृहातील अंतिम लढतीत कोजी कानेमोतोने त्याचा मुखवटा फाडला आणि सामुराईने उघड्या चेहऱ्यानेच ती लढत जिंकली. वर्षानुवर्षे झाकलेला चेहरा हजारो लोकांपुढे उघडा पडल्यावरही ज्याचे लक्ष डावावरून ढळत नाही, अशा माणसाविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पहिला परदेशी विजेता कोण?

१९९३ मध्ये एल सामुराईला हरवणारा कॅनडाचा पेगासस किड, म्हणजे ख्रिस बेन्वा. १९९५ मध्ये वाइल्ड पेगासस या नावाने शिंजिरो ओतानीला हरवून तो पुन्हा जिंकला. पुढच्याच वर्षी एडी गरेरोने ब्लॅक टायगरच्या मुखवट्याआडून लायगरला नमवले. नंतर चौदा वर्षे एकही परदेशी विजेता झाला नाही. २०१० मध्ये आयर्लंडच्या प्रिन्स डेव्हिटने ती परंपरा पुन्हा सुरू केली. त्याने २०१३ मध्येही स्पर्धा जिंकली, अमेरिकेच्या रिकोशेने २०१४ मध्ये, तर ब्रिटनच्या विल ऑस्प्रेने २०१६ आणि २०१९ मध्ये.

ही यादी वाचताना महाराष्ट्रातील एका पिढीला काही चेहरे ओळखीचे वाटतील. दोन हजारच्या दशकात रात्री जागून डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या अनेकांना १४ मार्च २००४ ची रेसलमेनिया आठवत असेल. एडी गरेरोने त्या रात्री आपले विजेतेपद राखले, ख्रिस बेन्वाने दुसरे जिंकले, आणि शेवटी दोघे एकमेकांना मिठी मारून रडले. संस्थेची दोन्ही सर्वोच्च विजेतेपदे तेव्हा अशा दोन मल्लांकडे होती, जे नव्वदच्या दशकात जपानमधील ही स्पर्धा जिंकून घडले होते. डेव्हिट पुढे फिन बॅलर या नावाने अमेरिकेत गेला आणि २०१६ मध्ये तेथील युनिव्हर्सल विजेतेपदाचा पहिला मानकरी झाला.

ख्रिस बेन्वाविषयी या इतिहासात काय म्हणावे?

जून २००७ मध्ये त्याने आपल्या पत्नीची आणि लहान मुलाची हत्या केली व नंतर आत्महत्या केली. १९९३ आणि १९९५ चे निकाल इतिहासाचा भाग असल्याने ते येथे लिहिले आहेत, पण त्याच्या कौशल्याचे गुणगान करणे या लेखात जाणीवपूर्वक टाळले आहे. ज्यांचे प्राण गेले त्यांच्यापुढे त्याचे चषक फार लहान आहेत.

साखळी पद्धत कशी असते?

मल्लांचे बहुधा दोन गट पाडतात. गटातील प्रत्येक जण प्रत्येकाशी लढतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. साखळी लढतीला तीस मिनिटांची मर्यादा असते. प्रतिस्पर्ध्याचे खांदे तीन मोजेपर्यंत टेकवणे, त्याला हार मानायला लावणे, किंवा पंचाने वीस मोजेपर्यंत तो रिंगमध्ये परतू न शकणे, असे विजयाचे नेहमीचे मार्ग आहेत. गुण सारखे झाल्यास आपसातील लढतीचा निकाल पाहतात, आणि म्हणून पहिल्या आठवड्यातील एखादी साधी वाटणारी लढत शेवटच्या दिवशी निर्णायक ठरते.

संख्या मात्र बदलत आली आहे. २०१८ मध्ये आठ-आठांचे दोन गट होते, २०१९ मध्ये दहा-दहांचे. महामारीच्या काळात, २०२० मध्ये दहा जणांचा एकच गट झाला आणि २०२१ मध्ये बारा जणांचा. २०२२ पासून पुन्हा वीस मल्ल आणि दोन गट आले. काही वर्षी गटविजेते थेट अंतिम लढतीत जातात, काही वर्षी उपांत्य लढती होतात.

तीन आठवड्यांत नऊ साखळी लढती म्हणजे शरीराची कसोटी असते. रोज नवे गाव, रोज बसचा प्रवास, आणि गुडघ्यावर किंवा खांद्यावर बांधलेली पट्टी रोज थोडी जाड होत जाते. प्रेक्षक तीच पट्टी पाहून आज प्रतिस्पर्धी कोणत्या अंगावर घाव घालणार, याचा अंदाज बांधतात.

सुपर जे-कप आणि ही स्पर्धा एकच का?

नाही. सुपर जे-कप ही बाद पद्धतीची स्पर्धा असून ती अधूनमधूनच होते. पहिली १६ एप्रिल १९९४ रोजी र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये लायगरच्या पुढाकाराने झाली. वेगवेगळ्या संस्थांचे ज्युनियर मल्ल एका रात्रीत एकत्र आणणे हा तिचा हेतू होता, आणि वाइल्ड पेगाससने द ग्रेट सासुकेला हरवून ती जिंकली. पुढच्या काही आवृत्त्या वॉर, मिचिनोकू प्रो आणि ओसाका प्रो या इतर संस्थांनी भरवल्या. दोन्ही स्पर्धांत तेच चेहरे दिसतात, त्यामुळे नवख्या वाचकाचा गोंधळ होतो.

दोन हजारच्या दशकाविषयी फारसे का बोलले जात नाही?

त्या दशकात न्यू जपानचे एकूणच दिवस कठीण होते. इनोकी यांचा कल मिश्र युद्धकलांच्या लढतींकडे झुकला, अनेक मोठे मल्ल संस्था सोडून गेले आणि प्रेक्षक कमी झाले. तरी ही स्पर्धा खंडित झाली नाही, आणि याचे बरेचसे श्रेय माझ्या मते कोजी कानेमोतोला द्यायला हवे.

कानेमोतो काही काळ तिसरा टायगर मास्क होता. मुखवटा उतरवल्यावर त्याला त्याची खरी ओळख सापडली. तिरसट, रागीट आणि लाथांनी समोरच्याची छाती लालबुंद करणारा असा हा मल्ल १९९८, २००२ आणि २००९ मध्ये जिंकला. १९९७, १९९९, २००३, २००४ आणि २००८ मध्ये तो अंतिम लढतीत हरला. या पराभवांची किंमत विजयांइतकीच आहे. केंडो काशिन, मासाहितो काकिहारा, चौथा टायगर मास्क आणि वातारु इनोउए या चौघांच्या विजेतेपदाला वजन आले, ते समोर कानेमोतो होता म्हणून. आपल्याकडे ‘तुल्यबळ जोड’ म्हणतात, तशी जोड तो अकरा-बारा वर्षे प्रत्येक नव्या मल्लाला देत राहिला. चौथा टायगर मास्क हा सायामाचाच शिष्य. त्याने २००४ आणि २००५ मध्ये लागोपाठ स्पर्धा जिंकली. तसे करणारा तो पहिला.

२०१० नंतर नेमके काय बदलले?

प्रथम, दारे अधिक उघडली. २०११ मध्ये र्‍युसुके तागुचीला हरवणारा कोता इबुशी हा डीडीटी या वेगळ्याच जपानी संस्थेचा मल्ल होता. २०१४ पासून अमेरिकेच्या रिंग ऑफ ऑनर या संस्थेशी सहकार्य सुरू झाले. मेक्सिकोच्या सीएमएलएल या संस्थेशी संबंध जुनाच होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला न्यू जपानने स्वतःची इंटरनेट वाहिनी सुरू केली आणि जगभरातून या लढती थेट पाहणे शक्य झाले.

दुसरे म्हणजे, ज्युनियर आणि हेवीवेट यांच्यातील भिंत पातळ झाली. ३ मे २०१३ रोजी प्रिन्स डेव्हिटने बुलेट क्लब हा परदेशी मल्लांचा कंपू स्थापन केला. महिनाभरात, साथीदारांच्या हस्तक्षेपाचा आधार घेत, तो एकही लढत न हरता ही स्पर्धा जिंकला आणि जुलैमध्ये त्याने हेवीवेट विजेत्या काझुचिका ओकादाला आव्हान दिले. बुलेट क्लबचे नाव पुढे जगभर झाले.

२०१६ मधील ऑस्प्रे आणि रिकोशे यांच्या लढतीवरून वाद का झाला?

२७ मे २०१६ रोजी कोराकुएन हॉलमध्ये ही साखळी लढत झाली. दोघांनी एकाच वेळी, एकाच लयीत कोलांट्या मारून एकमेकांसमोर पवित्रा घेतला आणि त्या काही सेकंदांची चित्रफीत जगभर पसरली. ही कुस्ती नसून कसरत आहे, अशी टीका ज्येष्ठ मल्ल व्हेडर यांच्यासह अनेकांनी केली. दुसऱ्या बाजूने बोलणारेही तितकेच होते.

माझे मत असे की ती चित्रफीत पाहणाऱ्या बहुतेकांनी पूर्ण लढत पाहिली नव्हती. पूर्ण लढतीत त्या कोलांट्यांचा अर्थ स्पष्ट होता. एकाला जे येते ते दुसऱ्यालाही येते, मग वरचढ कोण, हाच प्रश्न दोघे एकमेकांना विचारत होते. टायगर मास्कच्या पदार्पणाला कुरामाएतील प्रेक्षकही आधी हसले होते, हे येथे आठवावे. ऑस्प्रेने ती लढत जिंकली आणि ७ जून रोजी सेंदाई येथे तागुचीला हरवून तेविसाव्या वर्षी स्पर्धाही जिंकली. या स्पर्धेचा तो पहिला ब्रिटिश विजेता होय.

सर्वाधिक वेळा कोण जिंकले आहे?

हिरोमु ताकाहाशी, चार वेळा. २०१८, २०२०, २०२१ आणि २०२२. शेवटचे तीन विजय सलग आहेत आणि असे दुसऱ्या कोणाला जमलेले नाही.

हा आकडा जितका भक्कम दिसतो तितका त्याच्यामागचा प्रवास सरळ नाही. ४ जून २०१८ रोजी ताइजी इशिमोरीला हरवून त्याने पहिली स्पर्धा जिंकली, पाच दिवसांनी ओसाकात ऑस्प्रेकडून विजेतेपद घेतले, आणि ७ जुलै रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये ड्रॅगन ली याच्याशी लढताना त्याची मान मोडली. सुमारे दीड वर्ष तो रिंगबाहेर होता. जानेवारी २०२० मध्ये टोकियो डोममध्ये तो परतला, पहिल्या दिवशी विजेतेपद परत मिळवले, आणि दुसऱ्या दिवशी लायगरच्या निरोपाच्या लढतीत त्याच्याच विरुद्ध उभा राहिला. त्या लढतीत लायगरचे खांदे टेकवले ते हिरोमुनेच.

त्याच वर्षीची स्पर्धा महामारीमुळे पुढे ढकलली गेली. ती हिवाळ्यात, जोडी-संघांच्या साखळीबरोबर, झाली. ११ डिसेंबर २०२० रोजी बुदोकानमध्ये हिरोमुसमोर एल देस्पेरादो होता. प्रेक्षकांनी मुखपट्ट्या लावल्या होत्या आणि त्यांना ओरडण्याची मनाई होती. दाद द्यायची ती फक्त टाळ्यांनी. लढत ऐन भरात असताना देस्पेरादोचा मुखवटा फाटला. फाटलेल्या कापडातून अर्धा चेहरा दिसत होता. मुखवटाधारी मल्ल अशा वेळी हाताने चेहरा झाकतो. देस्पेरादोने उरलेला मुखवटा स्वतःच ओढून काढला आणि उघड्या चेहऱ्याने हिरोमुवर तुटून पडला. दोघेही एकाच डोजोत, म्हणजे तालमीत, शिकलेले. आवाजाविना भरलेल्या त्या सभागृहातून टाळ्यांचा जो कडकडाट उठला, तो ऐकताना ओरडण्याची उणीव भासत नाही. हिरोमु जिंकला. देस्पेरादोला २०२२ च्या अंतिम लढतीतही त्याच्याकडूनच हार पत्करावी लागली आणि ९ जून २०२४ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये, इशिमोरीला हरवून, तो अखेर विजेता झाला.

या लढती कोठे होतात?

साखळी जपानभर फिरते, पण तिचे घर कोराकुएन हॉल. टोकियो डोमच्या शेजारच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर असलेले हे सभागृह दोन हजारांच्या आतील प्रेक्षकांचे आहे. शेवटच्या रांगेतूनही मल्लाच्या छातीवर पडलेल्या थापेचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि कोठेही झाकापाक करता येत नाही. अंतिम लढती ओसाका, बुदोकान, योयोगी, सेंदाई, ओता अशा ठिकाणी होत आल्या आहेत. ५ जून २०१९ रोजी अंतिम लढत र्‍योगोकू कोकुगिकान या सुमोच्या घरी परतली. ऑस्प्रे आणि तोवर अपराजित असलेला शिंगो ताकागी अर्ध्या तासाहून अधिक लढले. ऑस्प्रे जिंकला. साधारण दोन वर्षांत दोघेही संस्थेचे जागतिक हेवीवेट विजेते झाले होते.

निकाल आधीच ठरलेला असतो, मग या इतिहासाला अर्थ काय?

व्यावसायिक कुस्तीत विजेता आधी ठरलेला असतो, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. लाल मातीत निकाली कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला ही ‘नुरा कुस्ती’ वाटणे साहजिक आहे. पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते. येथे प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते आणि तो एखाद्या नाट्यप्रयोगाला जावे तसा येतो. हिरोमुची मान खरीच मोडली होती. यामादाला परत पाठवले गेले, तेही खरे होते. स्पर्धा कोणाला जिंकू द्यायची, हा निर्णय म्हणजे संस्थेने त्या मल्लावर टाकलेला विश्वास असतो, आणि विजेत्यांची यादी ही त्या विश्वासाची नोंद आहे.

या परंपरेचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो रोजच्या व्यायामात दडलेला आहे. टोकियोच्या नोगे भागातील न्यू जपानच्या डोजोत नव्या मुलाला प्रथम बैठका माराव्या लागतात, शेकड्यांनी. जपानी भाषेत त्यांना ‘हिंदू स्क्वॉट’ याच नावाने ओळखतात. इंग्लंडमधील विगनच्या प्रसिद्ध तालमीत शिकलेल्या कार्ल गॉच यांनी दंड-बैठकांवर आधारलेला व्यायाम जपानी मल्लांच्या अंगवळणी पाडला. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याकडून जे करून घेतो, त्याच्याशी नाते सांगणारी ही मेहनत लायगर आणि हिरोमु या दोघांनीही केलेली आहे. तालमीप्रमाणेच तेथेही मुले एकत्र राहतात, झाडलोट करतात, मोठ्यांसाठी स्वयंपाक करतात आणि मगच रिंगमध्ये उतरतात.

मल्लांच्या बाबतीत भारताचा संबंध हेवीवेट विभागाशी अधिक आला. पंजाबात जन्मून कॅनडात स्थायिक झालेले टायगर जीत सिंग हे सत्तरच्या दशकात इनोकी यांचे कडवे प्रतिस्पर्धी होते. पुढे ‘द ग्रेट खली’ म्हणून प्रसिद्ध झालेले दलीपसिंग राणा २००१ च्या सुमारास ‘जायंट सिंग’ या नावाने याच संस्थेत लढले.

सर्वांत तरुण विजेता कोण?

कोसेई फुजिता. १ जून २०२५ रोजी ओता येथे योह याला हरवले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ऑस्प्रेचा नऊ वर्षांपूर्वीचा विक्रम त्याने मोडला. त्याआधी २०२३ मध्ये मेक्सिकोच्या तितानला हरवून मास्टर वातो जिंकला होता.

नव्या प्रेक्षकाने कोठून सुरुवात करावी?

जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. कोराकुएनमध्ये संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला दिसतो. त्यामुळे कामाच्या दिवशी तो बहुधा रात्री चित्रमुद्रितच पाहावा लागतो, आणि तोवर निकाल कानावर पडू न देणे हेच मोठे काम असते.

जुन्या लढतींपैकी आधी १९९२ ची अंतिम लढत पाहावी, मग १९९७ ची आणि नंतर २०२० ची. तिन्हींत मुखवट्याला हात लागतो. पहिलीत तो फाडू पाहणाऱ्याचा आवेश दिसतो, दुसरीत तो गेल्यावरही न ढळणारा मल्ल, आणि तिसरीत मल्ल तो स्वतःच्या हाताने काढून बाजूला टाकतो. एवढे पाहून झाल्यावर २०१७ ची, लायगर आणि ताइची यांची, छोटी साखळी लढत जरूर पाहावी. स्पर्धेच्या निकालाशी तिचा काहीही संबंध नाही. पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडतो तेव्हा प्रेक्षागृहाकडे तेवढे लक्ष द्यावे.